आधी बीजगणित, मग पदवी? न्यूयॉर्कच्या तीन कॉलेजांतला प्रयोग

२०१३ च्या शरद सत्रात न्यूयॉर्क शहरातल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजांनी, गणिताच्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असा एक उद्योग केला. जे विद्यार्थी बीजगणितात कच्चे ठरले होते, त्यांच्यातल्या काहींना आधी बीजगणित पक्कं करा असं सांगितलंच नाही. त्यांना थेट पदवीच्या पातळीवरच्या संख्याशास्त्राच्या वर्गात बसवलं. कोणाला बसवायचं हे प्राध्यापकांनी ठरवलं नाही, विद्यार्थ्यांनीही नाही. एका अर्थी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या.

तीन कॉलेजं म्हणजे मॅनहॅटनच्या चेंबर्स स्ट्रीटवरचं बरो ऑफ मॅनहॅटन कम्युनिटी कॉलेज, साउथ ब्राँक्समधलं होस्टोस आणि क्वीन्समधलं लाग्वार्डिया. तिन्ही सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कची, म्हणजे सगळे जिला ‘क्यूनी’ म्हणतात तिची. होस्टोस १९६८ मध्ये मुख्यतः पोर्तोरिकन वस्तीची गरज म्हणून सुरू झालं. लाग्वार्डियात शंभराहून जास्त देशांत जन्मलेली मुलं शिकतात. इथला बराचसा विद्यार्थिवर्ग कमी उत्पन्नाच्या घरांतला, कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा नुकताच देशात आलेला. दिवसा दुकानात काउंटरवर आणि संध्याकाळी वर्गात, किंवा त्याच्या उलट, असा त्यांचा दिनक्रम.

हे ओझं कम्युनिटी कॉलेजांवर कसं आलं

१९६९ च्या एप्रिलमध्ये क्यूनीच्याच सिटी कॉलेजच्या आवाराचा कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी ताबा घेतला. शहराच्या पैशांवर चालणाऱ्या कॉलेजात शहरातल्याच निम्म्या वस्त्यांना जागा का नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यातून १९७० मध्ये खुला प्रवेश आला: शहरातल्या हायस्कूलची पदवी असेल त्याला क्यूनीत कुठे ना कुठे जागा. फी तेव्हा नव्हतीच. ती १९७६ मध्ये, शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना लागली.

दार उघडल्यावर आत आलेल्या अनेकांची शालेय तयारी कच्ची होती आणि रिमेडियल, म्हणजे शाळेतलं कच्चं राहिलेलं पक्कं करून घेणारे, वर्ग वाढत गेले. नव्वदच्या दशकात त्यावर राजकीय गदारोळ झाला. १९९९ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने चार वर्षांच्या कॉलेजांतून रिमेडियल वर्ग टप्प्याटप्प्याने काढून टाकायचा ठराव केला. असे वर्ग काढले म्हणून ते लागणारे विद्यार्थी काही नाहीसे होत नाहीत. ते दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांकडे वळले. म्हणजे ज्या कॉलेजांकडे प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्चायला सगळ्यात कमी पैसे, त्यांच्याच गळ्यात सगळ्यात अवघड काम पडलं.

प्लेसमेंट टेस्टपासून गळतीपर्यंत

पद्धत अशी होती. प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थ्याने संगणकावर ‘कंपास’ नावाची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, द्यायची. उजळणी न करता, बऱ्याचदा ही परीक्षा किती महत्त्वाची आहे हे ठाऊक नसतानाच मुलं ती देऊन मोकळी व्हायची. ठरावीक गुणांच्या खाली गेलं की रिमेडियल वर्ग: आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, काही ठिकाणी त्याच्यावर आणखी एक पायरी. या वर्गांना हजेरी लागायची, फी लागायची, परीक्षा असायची, पण पदवीच्या ६० क्रेडिटमध्ये त्यांचं एकही क्रेडिट धरलं जात नसे. गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी पेल ग्रँट मात्र त्यात खर्ची पडायची, आणि २०१२ पासून ती आयुष्यभरात जास्तीत जास्त बारा सत्रांपुरतीच मिळते. फॅक्टरिंग करता करता त्यातली दोन-तीन सत्रं संपली, तर पदवीसाठी उरलेली मोजावी लागतात.

आता नुसता गुणाकार करून पाहू. आकडे माझे, समजण्यापुरते. तीन पायऱ्यांचा जिना आहे आणि प्रत्येक पायरीवर ७० टक्के मुलं पास होतात असं धरू, म्हणजे वर्ग तसा बरा चाललाय. पास झालेल्यांतले ८० टक्के पुढच्या सत्रात नाव नोंदवतात. शंभरांतले पहिल्या वर्गात पास ७०, पुढे गेले ५६, पास झाले ३९, तिसऱ्या वर्गात पोचले ३१, तो पास झाले २२. एकाही प्राध्यापकाने वाईट शिकवलं नाही, एकाही वर्गाचा निकाल लाजिरवाणा नाही, तरी शंभरातले ७८ गेले. आणि उरलेले २२ अजून पदवीच्या गणिताच्या वर्गात बसलेलेही नाहीत.

प्रत्यक्षातलं चित्र या हिशेबाहून फार वेगळं नव्हतं. संशोधक थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या ५७ कम्युनिटी कॉलेजांतल्या अडीच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. गणिताच्या रिमेडियल वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनीच ती मालिका पूर्ण केली होती. तीन पायऱ्या खाली ठेवलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच अभ्यासात पुढे येते: नापास होऊन गळलेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न नोंदवता गळलेले जास्त होते.

इथेच घोडं पेंड खातं. मुलं गणितात हरली असं म्हणावं, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी तो पेपर दिलाच नव्हता. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत काम वाढलं, मूल आजारी पडलं, फीचा हप्ता चुकला, किंवा ‘अजून एक वर्ग, तोही बिनक्रेडिटचा’ या विचारानेच मन उडालं. जिन्याला जितकी वळणं, तितक्या सोडून जायच्या जागा.

त्यात टेस्टही फार विश्वासाची नव्हती. संशोधक ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये एका मोठ्या शहरातल्या कम्युनिटी कॉलेजांची आकडेवारी तपासली, तेव्हा टेस्ट दिलेल्यांपैकी गणितात सुमारे चौथा हिस्सा आणि इंग्रजीत सुमारे तिसरा हिस्सा विद्यार्थी भलत्याच वर्गात पडत असल्याचं दिसलं. हायस्कूलचे एकूण गुण हा त्यापेक्षा भरवशाचा अंदाज होता. वर्गात नियमित येणारी, गृहपाठ वेळेवर देणारी मुलगी तासाभराच्या टेस्टमध्ये ओळखू येत नाही. चार वर्षांच्या गुणपत्रिकेत येते. ‘कंपास’ बनवणाऱ्या एसीटी या संस्थेने ती परीक्षा पुढे २०१६ मध्ये बंदच केली.

प्रयोगाची आखणी

क्यूनीच्या माजी प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख, अलेक्झांड्रा लोग आणि मारी वातानाबे-रोझ, डॅनियल डग्लस या सहकाऱ्यांनी मांडलेला प्रश्न साधा होता. ज्याला समाजशास्त्र, बालशिक्षण किंवा फौजदारी न्यायाची पदवी घ्यायची आहे, त्याला संख्याशास्त्राआधी बीजगणिताच्या उंबरठ्यावर अडवायचं कारण काय?

विज्ञान-अभियांत्रिकीकडे न जाणारे आणि प्राथमिक बीजगणितात कच्चे ठरलेले ९०७ विद्यार्थी प्रयोगाला तयार झाले. त्यांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत वाटणी झाली. पहिला गट नेहमीच्या प्राथमिक बीजगणितात. दुसरा त्याच बीजगणितात, पण सोबत आठवड्याला दोन तासांची कार्यशाळा. तिसरा थेट पदवीच्या संख्याशास्त्रात, त्यालाही तशीच दोन तासांची कार्यशाळा. यातले ७१७ जण प्रत्यक्ष आपापल्या वर्गात दाखल झाले.

आखणीतल्या दोन गोष्टींना दाद द्यावी लागते. एक म्हणजे प्रयोगातल्या बारा प्राध्यापकांपैकी प्रत्येकाने तिन्ही प्रकारचा एकेक वर्ग शिकवला. त्यामुळे ‘संख्याशास्त्राला चांगला मास्तर मिळाला’ ही पळवाट बंद झाली. दुसरी म्हणजे मधला गट. तो नसता, तर तिसऱ्या गटाचं यश कार्यशाळेचं की विषयाचं, यावर वर्षानुवर्षं वाद घालता आला असता.

निकाल असा लागला. नेहमीचं बीजगणित: ३९ टक्के पास. बीजगणित अधिक कार्यशाळा: ४५ टक्के. संख्याशास्त्र अधिक कार्यशाळा: ५६ टक्के.

पहिल्या दोन गटांतला फरक एवढ्या संख्येत योगायोगानेही पडू शकतो. तिसऱ्याचा तसा म्हणता येत नाही. शिवाय हे तीन आकडे एका रांगेत ठेवले की त्यातली खरी तफावत झाकली जाते, असं मला वाटतं. बीजगणितात पास झालेले ३९ टक्के फक्त पुढच्या वर्गात बसायला पात्र झाले. संख्याशास्त्रातल्या ५६ टक्क्यांची पदवीची गणिताची अटच पुरी झाली, क्रेडिटसकट. एकीकडे लोक फलाटावर पोचले, दुसरीकडे गाडीत बसून निघूनही गेले.

तीन वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली. संख्याशास्त्राच्या गटातले २५ टक्के पदवीधर झाले होते, नेहमीच्या बीजगणिताच्या गटातले १७ टक्के. दोन विषयांमधला एका सत्राचा फरक, आणि त्याची सावली तीन वर्षांनंतरच्या पदवीपर्यंत लांबलेली.

कार्यशाळेत नेमकं काय बदलतं

हे कसं झालं ते समजायला एक उदाहरण घेऊ. प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात मुलाला क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडायला सांगतात. उत्तर (क्ष − २)(क्ष − ३). मूल ते शिकतं, परीक्षेपुरतं लक्षात ठेवतं, आणि हे कशासाठी याचं उत्तर वर्गात कोणी देत नाही, कारण ते उत्तर दोन सत्रांनंतरच्या वर्गात आहे आणि या मुलाला त्या वर्गात जायचंच नाही.

आता संख्याशास्त्राचा वर्ग. एका परीक्षेत सरासरी गुण ७०, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ८, गुणांची विभागणी नेहमीच्या घंटेच्या आकाराची. वरच्या १० टक्क्यांत यायला किती गुण लागतील? तक्त्यात पाहिलं की झेड मिळतो १.२८. सूत्र असं: झेड म्हणजे गुणातून सरासरी वजा करा आणि विचलनाने भागा. आपल्याला मात्र गुण हवेत, म्हणजे सूत्र उलटं फिरवायला हवं: १.२८ ला ८ ने गुणा, १०.२४ आले, त्यात ७० मिळवा. उत्तर ८०.२४. इथे लागलेलं बीजगणित एवढंच: भागाकार बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना त्याचा गुणाकार होतो आणि वजाबाकीची बेरीज. ज्याला ते येत नाही त्याला अशा कार्यशाळेत त्याच आठवड्यात, त्याच गणितासाठी ते शिकवता येतं. नवव्या आठवड्यात लागणाऱ्या गोष्टीसाठी दोन सत्रं आधीपासून बसायची गरज उरत नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना तशी परकी नाही. आपल्याकडचा एटीकेटीवाला विद्यार्थी वरच्या वर्गात बसतो आणि मागचा विषय सोबत ओढत नेतो. फरक इतकाच की आपल्याकडे तो ओढणं त्याचं एकट्याचं असतं. ऑक्टोबरला पेपर आहे एवढंच त्याला सांगितलं जातं. न्यूयॉर्कच्या प्रयोगात मागचा विषय पुढच्या विषयाच्या वेळापत्रकात घातला होता, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीत, शिकवायला माणूस देऊन.

वर्गाबाहेरचा अर्धा भाग

एवढ्यावर थांबलं तर चित्र एकांगी होईल. क्यूनीचाच दुसरा एक कार्यक्रम प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडला होता. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात शहराच्या गरिबीविरोधी निधीतून ‘असॅप’ सुरू झाला. त्यात वर्गात काय शिकवायचं याला जवळपास हात लावला नाही. बदललं ते भोवतालचं सगळं: आर्थिक मदतीनंतर उरलेली फी माफ, पाठ्यपुस्तकं फुकट, भुयारी रेल्वे आणि बसचा मासिक पास फुकट, शिकवणी, आणि एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. एरवी याच कॉलेजांत तेव्हा एका सल्लागारामागे ६०० ते १,५०० विद्यार्थी असायचे, म्हणजे सल्लागार आहे ही गोष्ट फक्त कागदावर. त्या बदल्यात विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचं, रिमेडियल वर्ग मागे न टाकता सुरुवातीलाच संपवायचे आणि सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचं.

या सगळ्यात मासिक पासची योजना मला फार हुशारीची वाटते. २०१३ मध्ये तो पास ११२ डॉलरला होता. किमान वेतनावर काम करणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. पास दर महिन्याला मिळायचा आणि तो हाती पडण्यासाठी कार्यक्रमात नियमित भाग घेणं आवश्यक होतं. ज्या विद्यार्थ्याला ‘काही अडचण असेल तर भेट’ म्हटलं तर तो कधीच येणार नाही, तो पाससाठी येतो. आला की सल्लागार विचारतो, बीजगणिताचा गृहपाठ कुठपर्यंत आलाय? अडचण सांगायला कमीपणा वाटणाऱ्याला यायला एक कारण मिळालं.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने याचीही यादृच्छिक चाचणी घेतली. बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्सबरो आणि लाग्वार्डिया या कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी, सगळे कमी उत्पन्नाचे, सगळ्यांना एक-दोन रिमेडियल वर्ग लागलेले. तीन वर्षांत ‘असॅप’मधले ४०.१ टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २१.८ टक्के. कम्युनिटी कॉलेजांच्या संशोधनात इतका मोठा परिणाम क्वचितच दिसतो. खर्च प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलरनी वाढला, नेहमीच्या जवळपास ६० टक्के जास्त. पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च मात्र उतरला. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना उचलला, तेव्हा तिथेही तीन वर्षांत ३५ विरुद्ध १९ टक्के असं अंतर दिसलं.

सहा वर्षांनंतर न्यूयॉर्कमधलं अंतर ५१ विरुद्ध ४१ टक्क्यांवर आलं होतं. टीकाकार याकडे बोट दाखवतात की कार्यक्रमाशिवायही काही जण उशिरा का होईना पोचतातच. खरं आहे. पण तीन वर्षांत मिळालेली पदवी आणि सहा वर्षांत मिळालेली पदवी यांत तीन वर्षांचा पगार आहे, आणि दहा टक्क्यांची दरी तरीही बुजलेली नाही.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून ‘मग यातलं कोणतं चांगलं’ असं विचारलं जातं. विद्यार्थी वेगळे, अटी वेगळ्या, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. माझं मत असं की पहिल्या प्रयोगाने जिन्याच्या पायऱ्या कमी केल्या आणि दुसऱ्याने चढणाऱ्याच्या खांद्यावरचं सामान. प्रशासनाला साहजिकच पहिला आवडतो, कारण तो स्वस्त आहे. वेळापत्रक बदललं की झालं. दुसऱ्याला दरवर्षी पैसे लागतात आणि अर्थसंकल्पात कात्री लागली की पहिल्यांदा सल्लागारांचीच संख्या कमी होते.

आक्षेप आणि पुढे झालेलं

गणित विभागांतून सगळ्यात सबळ आक्षेप आला तो असा: संख्याशास्त्राच्या वाटेने गेलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी नर्सिंग किंवा संगणकशास्त्राकडे वळावंसं वाटलं तर? बीजगणित नसेल तर ते दार बंद. गरीब वस्तीतल्या मुलांना सोपी वाट दाखवून अभियांत्रिकीपासून दूर ठेवण्याचा हा सभ्य मार्ग तर नाही ना? आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र जुन्या पद्धतीत ते दार उघडं होतं असं मानायला आधार नाही. बीजगणितातच ६१ टक्के अडकत असतील, तर कॅल्क्युलसपर्यंत पोचणारे किती असणार?

दुसरा आक्षेप आकड्यांतच आहे. ५६ टक्के पास म्हणजे ४४ टक्के पास नाहीत. संख्याशास्त्रात थेट बसवल्याने सगळे तरतात असं कोणी म्हणू नये. ज्याला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, त्याला आठवड्याचे दोन तास पुरतील याची खात्री या प्रयोगातून मिळत नाही, कारण अंकगणितात अडलेली मुलं त्यात घेतलेलीच नव्हती. अशांसाठी क्यूनीने २००९ पासून ‘क्यूनी स्टार्ट’ नावाची वेगळी सोय चालवली आहे: पदवीला रीतसर प्रवेश घेण्याआधी एक सत्र फक्त लेखन-वाचन-गणित, पूर्ण वेळेची फी ७५ डॉलर, आणि पेल ग्रँटला हात न लावता.

एव्हाना इतर राज्यांतही वारं फिरलं होतं. टेनेसीने २०१५ मध्ये राज्यभर रिमेडियल मदत पदवीच्या वर्गासोबतच द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या वर्षात पदवीचं गणित पार करणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपासवरून ५० च्या पुढे गेलं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला: हायस्कूलचे गुण पाहा, आणि पदवीच्या वर्गात विद्यार्थी यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असल्याशिवाय त्याला खालच्या वर्गात टाकू नका. क्यूनीनेही प्लेसमेंटसाठी हायस्कूलचे गुण धरायला सुरुवात केली, आणि २०२३ च्या सुरुवातीला जुने स्वतंत्र रिमेडियल वर्ग संपल्याचं जाहीर केलं.

‘असॅप’ दरम्यान वर्षाला २५,००० विद्यार्थ्यांपर्यंत वाढला. त्याची मूळ अट मात्र सुटलेली नाही: पूर्ण वेळ शिका. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्या बाईला बारा क्रेडिट झेपत नाहीत, म्हणून ती अर्धवेळ शिकते, म्हणून तिला फुकट पास नाही, पुस्तकं नाहीत, पाठपुरावा करणारा सल्लागार नाही. नव्या पद्धतीत तिला संख्याशास्त्राचा वर्ग कार्यशाळेसकट मिळेल. पण ते जादा दोन तास बहुधा तिच्या कामाच्या वेळातच येतील, आणि संध्याकाळची तुकडी किती कॉलेजं चालवतात यावर तिचं पुढचं सत्र अवलंबून राहील.